दुखरे सांधे आणि रुग्णाची संमति

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक आगगाड्यांना कर्जत स्थानकांत पाठीमागून आणखी इंजिनें जोडावीं लागतात. त्यावांचून पुढचा बोरघाट चढवत नाहीं. हा चढ सुमारें पंधरा मैलांचा असून तेवढ्यांत गाडी १,८०० फुटांहून अधिक उंची गांठते. १८५६ सालीं या कामास आरंभ झाला आणि १८६३ सालीं घाट वाहतुकीस खुला झाला. काम ऐन भरांत असतांना एका वेळीं ४२,००० मजूर या डोंगरावर खपत होते. बोगदे किती, पूल किती, खडक किती फोडला, याचा चोख हिशेब कागदावर राहिला. १८५९ सालीं थकलेल्या मजुरीवरून मजूर खवळून उठले, त्याचीहि चौकशी झाली. परंतु सुरुंग उडतांना, दरड कोसळतांना किंवा नुसत्या पाट्या वाहतां वाहतां ज्यांचे गुडघे आणि खांदे कायमचे निकामी झाले, त्यांच्या त्या सांध्यांचा हिशेब मांडण्याचें कोणास कारण पडलें नाहीं.

माणसाचें दुखणें केव्हां नोंदीस येतें, ती नोंद कोण करतो, आणि ज्याच्या शरीरावरून ती केली जाते त्याला कितपत विचारलें जातें, हे प्रश्न वैद्यकाच्या इतिहासांत फार उशिरां उपस्थित झाले. सांध्यांचे विकार आणि त्यांवरील शस्त्रक्रिया यांपुरता तरी त्यांचा मागोवा घेणें उद्बोधक आहे. कारण सांधेदुखीनें माणूस क्वचितच मरतो, पण कष्ट करून खाणाऱ्याच्या हातची भाकरी मात्र ती हिरावून घेते.

घाटाचें काम चालू होतें त्या काळीं शस्त्रवैद्याजवळ साधनें फार थोडीं होतीं. क्लोरोफॉर्मनें रुग्णास बेशुद्ध करण्याची युक्ति १८४७ सालीं निघाली होती. मुंबईचें जमशेटजी जिजीभाई रुग्णालयहि १८४५ पासून चालू होतें. परंतु शस्त्र लावलेली जखम कां चिघळते आणि ती चिघळूं नये म्हणून काय करावें, याचें खात्रीचें उत्तर १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं आपली जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध करीपर्यंत कोणापाशीं नव्हतें. सांध्यांत शिरलेली खोल जखम म्हणजे बहुधा मृत्यु, आणि तो टाळावयाचा तर अवयवच कापून टाकावयाचा, असा तेव्हांचा व्यवहार होता. सांधा उघडावा, दुरुस्त करावा आणि पुन्हां मिटवावा, ही गोष्टच धाडसाची वाटे.

सांध्यांचें शास्त्र मात्र या देशाला नवें नव्हतें. सुश्रुतसंहितेंत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्याच ग्रंथांत शिष्यानें रोग्यास हात लावण्यापूर्वीं कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा अभ्यास करावा, असें सांगितलें आहे. शिकाऊ हाताची पहिली चूक फळावर घडावी, माणसावर घडूं नये, हा त्यामागचा विचार उघड आहे. परंतु कितीहि फळें कापलीं तरी एक वेळ अशी येतेच कीं, नवें औषध अथवा नवी शस्त्रक्रिया कोणा तरी जिवंत माणसावर प्रथमच करून पाहावी लागते. तो माणूस कोण असावा?

या प्रश्नाचीं जुनीं उत्तरें मुंबईच्याच इतिहासांत सांपडतात. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत ही लस जिला लागली अशी ती पहिली. तिच्या अंगावरून घेतलेली लस इतर मुलांना टोचली गेली आणि तेथून ती देशाच्या अन्य भागांत पोहोंचली. लाखों लोकांचे प्राण ज्या धाग्यानें वांचले त्याचें पहिलें टोंक एका अजाण बालिकेच्या दंडाशीं बांधलेलें आहे; आणि तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढें चौऱ्याण्णव वर्षांनीं मुंबईवर प्लेगचें संकट कोसळलें. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत राहून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती पहिल्यानें स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली. कांहीं कैदी लस घेण्यास पुढें आले, कांहीं आले नाहींत. दोन्ही गटांतील आजारी व मृत यांची मोजदाद करतां लस घेणाऱ्यांचें प्रमाण कमी भरलें, आणि लसीचा गुण सिद्ध झाला. ज्यांनीं लस घेतली नाहीं त्यांच्यामुळेंच ज्यांनीं घेतली त्यांचा लाभ दिसून आला. तुलनेवांचून ज्ञान नाहीं, हें तत्त्व तेथें स्पष्ट झालें. तरी एक शंका उरतेच. ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे आणि आंत सांथ आहे, त्यानें दिलेला होकार कितपत मोकळा म्हणावा?

या शंकेचें अत्यंत भयंकर रूप दुसऱ्या महायुद्धांत जगापुढें आलें. राव्हेन्सब्रुक येथील नाझी छळछावणींत स्त्री-कैद्यांच्या हाडांवर, स्नायूंवर व मज्जातंतूंवर त्यांच्या इच्छेविरुद्ध शस्त्रप्रयोग करण्यांत आले. तुटलेलें हाड सांधतें कसें, हा शास्त्राचा प्रश्न. परंतु तो सोडविण्यासाठीं निरोगी बायकांचीं हाडें मोडण्यांत आलीं. युद्धानंतर न्युरेंबर्ग येथें त्या डॉक्टरांवर खटला चालला. १९४७ सालच्या निकालपत्रांत दहा तत्त्वें नमूद झालीं. त्यांतील पहिलें तत्त्व, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेची संमति अनिवार्य आहे, हें होय. १९६४ सालीं जागतिक वैद्यक संघटनेनें हेलसिंकी येथें याच विषयाचा जाहीरनामा काढला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें १९८० सालीं आपलें पहिलें धोरणपत्रक प्रसिद्ध केलें, आणि २०००, २००६ व २०१७ या सालीं त्याचे अधिक विस्तृत नियम केले.

इकडे सांध्यांच्या शस्त्रक्रियेचें पाऊलहि पुढें पडत होतें. इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं झिजलेल्या खुब्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसविण्याचा उद्योग आरंभिला. प्रथम त्यांनीं टेफ्लॉन नांवाच्या गुळगुळीत द्रव्याची वाटी वापरली. सुमारें तीनशें रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. आरंभीं रुग्ण आनंदानें चालूं लागले. पण थोड्याच वर्षांत ती वाटी झिजली आणि तिच्या कणांनीं भोंवतालचा भाग बिघडला. चार्नली यांनीं त्या द्रव्याचे तुकडे स्वतःच्या मांडींत बसवून त्याचा परिणाम पाहिला. नंतर दुसरें, अधिक टिकाऊ प्लॅस्टिक निवडून १९६२ च्या नोव्हेंबरपासून नवा सांधा बसविण्यास सुरुवात केली. आपल्या मृत्यूनंतर हा सांधा काढून तपासावा, अशी अनुमतिहि त्यांच्या कित्येक रुग्णांनीं देऊन ठेविली. आज जगांत लक्षावधि माणसें कृत्रिम खुब्यावर चालतात. त्यांच्या पावलांखालीं त्या पहिल्या तीनशें रुग्णांचें अपयश आहे, हें विसरतां येत नाहीं.

हा धडा पुढच्या काळांत सर्वांनीं ध्यानांत ठेविला असें मात्र नाहीं. धातूवर धातु फिरणारा एक कृत्रिम खुबा २०१० च्या ऑगस्टमध्यें उत्पादकांना जगभरांतून परत बोलवावा लागला. भारतांतहि तो हजारों लोकांच्या शरीरांत बसविला गेला होता. बाजारांतून माल परत मागवितां येतो. शरीरांत बसलेला सांधा परत करावयाचा तर माणसाला पुन्हां शस्त्राखालीं जावें लागतें. ज्याची कसोटी अल्पसंख्य, जाणत्या आणि नोंद ठेवलेल्या स्वयंसेवकांवर पुरेशी झालेली नसते, त्याची कसोटी पुढें अजाण गिऱ्हाइकांवर होते. संशोधनांत भाग घेणें धोक्याचें आहे हें खरें; पण संशोधन न होतां उपचार सर्रास चालूं राहणें हेंहि कमी धोक्याचें नाहीं.

याचें सर्वांत मार्मिक उदाहरण अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरांत घडलें. गुडघ्याचा सांधा झिजला कीं बारीक छेदांतून दुर्बीण घालून तो आंतून धुवावा, खरवडावा, अशी शस्त्रक्रिया तेव्हां फार रूढ होती. तिनें रुग्णांना बरें वाटे, ही गोष्ट खरी. परंतु तें बरें वाटणें शस्त्रानें होतें कीं विश्वासानें, हें पाहण्यासाठीं माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक प्रयोग योजण्यांत आला. कांहींचा गुडघा खरवडला, कांहींचा नुसता धुतला, आणि कांहींच्या केवळ कातडीवर छेद घेऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला. आपल्या वांट्यास नुसता देखावा येऊं शकेल व त्यानें गुडघा सुधारणार नाहीं, हें समजल्याचें प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या हातानें लिहून घेतलें होतें. योग्य ठरलेल्या ३२४ रुग्णांपैकीं १४४ जणांनीं नकार दिला आणि १८० जणांनीं होकार दिला. दोन वर्षांच्या पाहणीअंतीं तिन्ही गटांत फरक आढळला नाहीं. २००२ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या १८० माणसांनीं स्वतःचा गुडघा दिला आणि त्यांच्यामागून येणाऱ्या असंख्य लोकांची निरर्थक शस्त्रक्रिया टळण्याचा मार्ग मोकळा केला. १४४ जणांचा नकारहि तितकाच मोलाचा मानला पाहिजे. कारण जेथें नकार देतां येतो तेथेंच होकाराला अर्थ असतो.

श्रोत्यांना येथें वाटेल कीं, हें सारें परदेशचें झालें. कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याचा त्याच्याशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. दुखण्याचें माप ज्या समाजांत तयार होतें त्या समाजाच्या राहणीचा ठसा त्यावर उमटतो. सांधेदुखीचा रुग्ण कितपत परावलंबी झाला हें ठरविण्यासाठीं १९८० सालीं अमेरिकेंत एक प्रश्नावली तयार झाली. पाश्चात्य घरांतला माणूस खुर्चीवर बसतो, टेबलावर जेवतो. प्रश्नहि त्याच बेताचे. भारतीय रुग्णाची खरी अडचण त्यांत उतरेना. म्हणून २००२ सालीं या प्रश्नावलीची भारतीय आवृत्ति प्रसिद्ध झाली. शौचास उकिडवें बसतां येतें काय, जमिनीवर मांडी घालून बसून पुन्हां उठतां येतें काय, अशा गोष्टी तींत आल्या. भाताच्या लावणीला दिवसभर चिखलांत वांकून राहणारी, डोंगरांतून मोळी डोक्यावर घेऊन उतरणारी आणि चुलीपुढें उकिडवी बसणारी बाई जोंवर पाहणींत येत नाहीं, तोंवर तिच्या गुडघ्याविषयीं जें सांगितलें जातें तें दुसऱ्या कोणाच्या तरी गुडघ्याचें असतें.

महाराष्ट्रांत हें काम एका गांवानें करून दाखविलें आहे. कर्जतहून घाट चढलेला लोहमार्ग पुणें व दौंड ओलांडून सोलापुराकडे जातो, त्यावर इंदापूर तालुक्यांत भिगवण हें गांव लागतें. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनीं १९८१ सालीं, संधिवाताचा शोध रुग्णालयांत न घेतां वस्तींत जाऊन घ्यावा, अशी योजना आंखली होती. तिला कॉपकॉर्ड असें नांव आहे. त्या योजनेखालीं पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं भिगवणची पाहणी आरंभिली. शिकवून तयार केलेले स्वयंसेवक घरोघर गेले. ज्यांनीं दुखणें सांगितलें त्यांच्याकडून सविस्तर माहिती घेतली गेली, आणि नंतर तज्ज्ञांनीं त्यांची प्रत्यक्ष तपासणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांनीं या पाहणींत भाग घेतला. त्यांतील शेंकडा सुमारें १८ जणांना सांधे, स्नायु अथवा पाठ यांचें दुखणें असल्याचें आढळलें. संधिवाताचा जो उग्र प्रकार हातापायांचीं बोटें वांकडीं करून टाकतो, तो शेंकडा सुमारें अर्धा इतका निघाला.

शहरांतील समजूत अशी होती कीं, सांधेदुखी हा बैठ्या व खात्यापित्या माणसांचा रोग आहे आणि खेड्यांतला माणूस कष्टानें काटक राहतो. भिगवणच्या घराघरांतून आलेल्या उत्तरांनीं ही समजूत खोटी पाडली. खेड्यांतलें दुखणें नव्यानें उत्पन्न झालें नव्हतें. तें प्रथमच विचारलें गेलें होतें. शिवाय ही पाहणी नुसती शिरगणति करून निघून गेली नाहीं. तपासणीला उपचाराची व आरोग्यशिक्षणाची जोड देण्यांत आली. ज्याच्याकडून माहिती घ्यावयाची त्याला कांहीं परत द्यावें, हा साधा प्रामाणिकपणा तेथें पाळला गेला.

भिगवणनंतरचा दुसरा दाखला औषधांचा आहे. कर्जत-खालापूरच्या रानांत झाडाझाडांवर चढणारी गुळवेल आणि घरोघरच्या डब्यांतली सुंठ हीं सांधेदुखीवर कोण वापरीत नाहीं? परंतु परंपरेनें मानलेला गुण तुलनेच्या कसोटीस उतरतो काय, हें पाहणें निराळें. भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या एका योजनेंत डॉ. चोप्रा व इतर संशोधकांनीं गुडघ्याची झीज झालेल्या ४४० रुग्णांवर असा प्रयोग केला. अशा वनस्पतींपासून केलेलीं आयुर्वेदीय औषधें कांहींना, आणि प्रचारांतलीं दोन आधुनिक औषधें इतरांना, चोवीस आठवडे दिलीं. कोणास काय मिळतें हें रुग्णासहि ठाऊक नव्हतें व तपासणाऱ्यासहि नव्हतें. वेदना कमी करण्यांत आयुर्वेदीय औषधें आधुनिक औषधांच्या तोडीचीं ठरलीं, असा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याबरोबरच कांहीं रुग्णांच्या रक्तांत यकृताशीं संबंधित एक घटक अनपेक्षित वाढलेला दिसला, आणि औषधाच्या निर्धोकपणाची अधिक तपासणी झाली पाहिजे, असेंहि संशोधकांनींच लिहून ठेविलें. झाडपाल्याचें औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आणि झाडपाल्याचें औषध म्हणजे थोतांड, ही समजूत, या दोन्हींना त्या ४४० रुग्णांनीं एकदमच उत्तर दिलें.

असा प्रयोग आज कोणास वाटेल तसा करतां येत नाहीं. १५ जून २००९ पासून प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वींच सरकारी नोंदवहींत करावी लागते, म्हणजे निष्कर्ष गैरसोईचा निघाला तरी तो मुळांतच दडपतां येऊं नये. २०१९ सालीं नवीन औषधें व चाचण्या यांचे नियम जारी झाले. त्यांप्रमाणें नीति-समितीची मान्यता घ्यावी लागते; तिचे किमान सात सभासद असतात आणि त्यांत वैद्यकाबाहेरचा एक सामान्य नागरिक असावाच लागतो. चाचणीमुळें इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई हा रुग्णाचा हक्क आहे. ज्यास वाचतां येत नाहीं त्याची संमति निःपक्षपाती साक्षीदारासमोर घ्यावी लागते. होकार दिल्यानंतरहि केव्हांहि बाहेर पडतां येतें, आणि त्यामुळें त्याच्या नेहमींच्या उपचारांत खंड पाडतां येत नाहीं.

नियमाची खरी परीक्षा मात्र कागदावर होत नाहीं. कर्जत तालुक्यांतच माथेरान आहे. तेथें मोटारींना मज्जाव असल्यामुळें पिढ्यान् पिढ्या माणसांनीं माणसांना ओढून नेलें. ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दिला. चढणीवर दुसऱ्याचें ओझें ओढून ज्यानें आपले गुडघे झिजविले, तो माणूस लोकल गाडीनें मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत येतो. दिवसाची मजुरी बुडालेली असते. पुढ्यांत डॉक्टर असतात, ज्यांना तो देव मानतो. नव्या उपचाराच्या चाचणींत सामील झाल्यास तपासणी व औषध विनामूल्य मिळेल, असें त्याला सांगण्यांत येतें. भायखळ्याच्या तुरुंगाचें दार त्याच्यामागें लागलेलें नाहीं. पण गरिबीचें दार कांहीं उघडें नाहीं. आपल्याला जें मिळणार तें आपल्याच गुडघ्यासाठीं निवडलेलें औषध आहे कीं चिठ्ठी टाकून ठरलेलें, हा भेद त्याला त्याच्या बोलींत समजावून सांगितला नाहीं, तर त्याची सही ही संमति नव्हे.

म्हणून अशा प्रसंगीं रुग्णाच्या घरच्या शिकलेल्या मुलानें किंवा मुलीनें पांच गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्या. चाचणींत भाग न घेतल्यास कोणता उपचार मिळेल? भाग घेतल्यास कोणता धोका संभवतो? इजा झाल्यास कोठें व कोणाकडे जावयाचें? येण्याजाण्याचा व बुडालेल्या मजुरीचा काय विचार केला आहे? आणि शेवटीं निष्कर्ष काय निघाला हें रुग्णाला कोण कळविणार? या प्रश्नांनीं चांगला संशोधक रागावत नाहीं. त्याचें काम उलट सोपें होतें.

सावकाराच्या खतावर उमटलेला अंगठा कोंकणांतल्या कुळाला परत घेतां येत नसे; त्या एका ठशानें पुढच्या पिढ्याहि बांधल्या जात. संशोधनाच्या संमतिपत्रावरचा अंगठा याहून वेगळा आहे. तो लावणारा तो केव्हांहि काढून घेऊं शकतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारूं शकत नाहीं. हा भेद संमतिपत्र वाचून दाखविणाऱ्यानें पहिल्याच वाक्यांत सांगावा, आणि ऐकणाऱ्याला तो कळला कीं नाहीं हें विचारून मगच शाईची डबी पुढें करावी.